नऊ महिने आणि २,८४६ पानं: घरच्या कामासाठी घेतलेला ऑल-इन-वन प्रिंटर

मी घरून मुद्रितशोधन करते. कामाची रीत जुन्या वळणाची आहे. पीडीएफ येते, मी ती कागदावर छापते, लाल पेनाने खुणा करते आणि खुणा केलेली पानं स्कॅन करून परत पाठवते. पडद्यावर निसटलेली वेलांटी कागदावर हमखास सापडते, म्हणून हा खटाटोप. थोडक्यात, मला प्रिंटर जितका लागतो तितकाच स्कॅनरही लागतो. हे आज सहज लिहिलं, पण यंत्र निवडताना पहिले दोन आठवडे ते माझ्या डोक्यातच नव्हतं. मी आपली मिनिटाला किती पानं निघतात त्याची तुलना करत बसले होते.

आधीचा इंकजेट का गेला ते सांगते, कारण नव्याची निवड त्यावरूनच झाली. माझं काम लाटेसारखं येतं. आठवडाभर रोज साठ-सत्तर पानं, मग तीन आठवडे शुकशुकाट. त्या शुकशुकाटात शाई नोझलच्या, म्हणजे ती उडवणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी वाळायची. मग नोझल चेक, हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते आणि ती आतल्या एका स्पंजात मुरते. तो स्पंज भरला की यंत्र संप पुकारतं. यात माझाही वाटा होता. मी काम झालं की थेट भिंतीवरचं बटण बंद करायचे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर नोझलचं हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, हे मला फार उशिरा कळलं. एकदा तर निळी शाई संपली म्हणून त्याने स्कॅन करायलाही नकार दिला. स्कॅनला शाई कशाला लागते हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

त्यामुळे दोनच पर्याय उरले: इंक टँक (बाटलीतून शाई भरायचा इंकजेट) किंवा काळा-पांढरा लेझर. इंक टँकला मी वाईट म्हणणार नाही. रोज थोडं थोडं आणि रंगीत छापणाऱ्याने डोळे मिटून तोच घ्यावा, पानामागचा खर्च फार कमी पडतो. फक्त काळी शाई पिगमेंट (बारीक कणांची) आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची), एवढं विचारून घ्यावं. डाय शाईच्या अक्षरावरून हायलायटर फिरवला की ती पसरते, पिगमेंट बरीच टिकून राहते. माझ्यासारखं तीन आठवडे यंत्राकडे न बघणाऱ्याला मात्र लेझर बरा. टोनर म्हणजे कोरडी पूड, तिला वाळण्याची भीती नाही. पूड साधारण दोनशे अंश तापलेल्या रुळाखालून कागदावर वितळून बसते, त्यामुळे पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर फुटत नाही.

रंग सोडावा लागला. पण काळं-पांढरं छापणारा ऑल-इन-वन स्कॅन मात्र रंगीत करतो, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. माझ्या लाल खुणा लालच जातात. मला रंग तेवढ्यापुरताच हवा होता.

खरी घासाघीस झाली ती स्कॅनसाठी गठ्ठ्यातून एकेक कागद आत ओढणाऱ्या वरच्या फीडरवर, म्हणजे एडीएफवर. जाहिरातीत ‘ड्युप्लेक्स’ असा एकच शब्द असतो आणि तो बहुतेक वेळा छपाईबद्दल असतो. कागद आपोआप उलटून दोन्ही बाजूंना छापेल, एवढाच त्याचा अर्थ. फीडर दोन्ही बाजू वाचतो का, हे वेगळं विचारावं लागतं. त्यातही दोन जाती आहेत: एक कागद आत ओढून, उलटून पुन्हा वाचणारी आणि दुसरी एकाच फेरीत वरून-खालून दोन्ही बाजू वाचणारी. मी दुसरी घेतली. चाळीस पाठपोट पानं ठेवून दुसऱ्या कामाला लागता येतं, यासाठी जास्त मोजलेले पैसे पहिल्या महिन्यातच वसूल झाले असं मी मानते. लीगल आकाराचे कागद येत असतील तर आणखी एक गोष्ट बघा. घरगुती यंत्रांची काच बहुधा ए४ पुरतीच असते, ३५६ मिलिमीटर लांबीचा कागद फीडरमधूनच घालावा लागतो.

टोनरच्या बाबतीत दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. खोक्यात येतो तो टोनर ‘स्टार्टर’, म्हणजे अर्धवट भरलेला. आणि डब्यावर लिहिलेली पानं मोजायचं एक प्रमाण आहे, आयएसओ/आयईसी १९७५२. त्यातलं नमुन्याचं पान साधारण पाच टक्केच काळं होतं. प्रूफाचं पान त्याहून भरलेलं असतं. माझा स्टार्टर ७०० पानांचा म्हणून आला आणि ५४० व्या पानाला संपला. ड्रम, म्हणजे पूड कागदावर उतरवणारा रूळ, टोनरच्या डब्यातच आहे की वेगळा, हेही बघून ठेवा. वेगळा असेल तर टोनर स्वस्त पडतो, पण कधीतरी ड्रमचा मोठा खर्च एकदम समोर येतो. माझा वेगळा आहे. तो दिवस अजून उजाडलेला नाही.

आता बसवण्याची कथा. खोक्यातून काढून नारिंगी पट्ट्या सोलायला दहा मिनिटं लागली. एक पट्टी आत फीडरच्या झाकणाखाली लपलेली होती, ती राहिली आणि पहिलाच कागद अडकला. यूएसबीची केबल खोक्यात नव्हती. जागा मोजताना मी यंत्राची रुंदी-खोली मोजली होती. ट्रे पुढे ओढायला आणि अडकलेला कागद काढण्यासाठी मागचं झाकण उघडायला जागा लागते, हे मोजलंच नव्हतं. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावं लागलं.

पहिलं पान छापायला सोडलं आणि टेबलाखालचा यूपीएस किंचाळला. लेझरमधला हीटर चालू होताना एकदम मोठा भार ओढतो, घरगुती यूपीएसला तो झेपत नाही. मी संगणकाबरोबर प्रिंटरही त्याच्यावरच जोडला होता. आता प्रिंटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला आहे. मध्येच वीज गेली तर एक पान वाया जाईल, एवढंच.

वाय-फायने दोन संध्याकाळी खाल्ल्या. यंत्राला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो आणि आमचा राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतो. प्रिंटर बसवणारं अॅप वेळ लावून लावून शेवटी ‘सापडला नाही’ म्हणायचं. राउटरमध्ये तात्पुरता ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद केला तेव्हा कुठे जोडणी झाली. पासवर्ड टाकायचा दोन ओळींच्या पडद्यावर, बाणांची बटणं दाबत, एकेक अक्षर. माझा पासवर्ड बावीस अक्षरांचा आहे. असो.

आठवड्याने लॅपटॉप म्हणू लागला, ‘प्रिंटर ऑफलाइन’. समोर तर हिरवा दिवा चालू. कारण साधं निघालं. राउटर रीस्टार्ट झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक) देत होता आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दार वाजवत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला आणि लॅपटॉपवर प्रिंटर त्या पत्त्याने नव्याने जोडला. महिनाभराने तोही सोस सोडला आणि सरळ नेटवर्कची केबल ओढली. प्रिंटर एकदा ठेवला की हलत नाही, मग त्याला हवेतून कशाला बोलवायचं? त्यानंतर ‘ऑफलाइन’ हा शब्द मी पाहिलेला नाही. फोनवरून छापायला वेगळं काही करावं लागलं नाही. यंत्र आयफोनची एअरप्रिंट आणि अँड्रॉइडची मोप्रिया या दोन्ही पद्धती जाणतं, त्यामुळे लेकीचा फोन आणि माझा फोन दोघांना ते आपोआप दिसतं. त्याच बैठकीत ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकून त्याचं पान उघडलं आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. ते विसरू नका.

स्कॅन थेट लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये पडावं अशी माझी फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही. माझ्या मॉडेलला त्यासाठीच्या एसएमबी पद्धतीची पहिली, जुनी आवृत्तीच येते. सुरक्षेच्या कारणाने विंडोजने २०१७ पासून ती नव्या संगणकांवर बसवणंच थांबवलं. ती मुद्दाम चालू करायचे उपाय सापडतात, पण घराचं दार सोयीसाठी उघडं ठेवण्यातला तो प्रकार आहे. मी ईमेलचा मार्ग धरला. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड मे २०२२ पासून अशा यंत्रांना चालत नाही, वेगळा ‘अॅप पासवर्ड’ काढून द्यावा लागतो. शिवाय २५ एमबीची मर्यादा आहे. पहिल्याच दिवशी मी हौसेने ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) चाळीस पानं रंगीत स्कॅन केली आणि ती गेलीच नाहीत. ३०० डीपीआय प्रूफाला पुरेसं होतं.

पण ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडू नका. मराठी पानांसाठी ही सूचना मी ठळक अक्षरांत लिहिली असती. त्या सेटिंगमध्ये प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा होतो, आणि फिकट अनुस्वार पांढऱ्यात जमा होतात. ‘ग्रेस्केल’ किंवा रंगीत ठेवा. टोनर वाचवणाऱ्या मोडचंही तेच. इंग्रजी पान त्यात चालून जातं, आपली शिरोरेषा तुटक होते आणि रफार नुसता अंदाजाने वाचावा लागतो. दोन दिवस वापरला आणि बंद केला. मुद्रितशोधकाने अनुस्वारावर पैसे वाचवू नयेत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायलींना एक वेगळाच रोग असतो: पडद्यावर ठीक दिसतात आणि कागदावर वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. पीडीएफ वाचकाच्या छपाईच्या चौकटीत ‘प्रिंट अॅज इमेज’ वर खूण केली की बहुतेक वेळा पान सरळ येतं, फक्त थोडं सावकाश. यंत्राबरोबर आलेल्या ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, मराठी येत नव्हतं. टेसरॅक्ट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं, छापील पानांवर मला ते उपयोगी पडलं. हस्ताक्षराची आशा धरू नये.

चौथ्या महिन्यात स्कॅनवर एक बारीक उभी रेघ दिसू लागली, पानाच्या वरपासून खालपर्यंत. मी घाबरले, ड्रम गेला म्हणून. किंमतसुद्धा शोधून ठेवली. मग शांत डोक्याने पाहिलं तर छापलेली पानं स्वच्छ होती. मोठ्या काचेवर ठेवून केलेला स्कॅनही स्वच्छ. रेघ फक्त फीडरमधून गेलेल्या पानांवर. मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची एक अरुंद काचपट्टी असते, फीडरचा कागद तिच्यावरून सरकत जातो. स्कॅनर तिथे जागचा हलत नाही, म्हणून तिच्यावरचा एक कण अख्ख्या पानभर रेघ होऊन उमटतो. माझ्या पट्टीवर व्हाइटनरचा वाळलेला ठिपका होता. मीच लावलेला, पुरता न वाळलेला कागद घालून. मऊ कापड किंचित ओलं करून पुसलं आणि रेघ गेली. पुढच्या महिन्यात फक्त सम पानांवर रेघ आली, तेव्हा लगेच समजलं की मागची बाजू वाचणारी दुसरी काच वर, फीडरच्या पोटात आहे. आता दर शनिवारी दोन्ही पुसते. मोठ्या काचेचा त्रास निराळाच. तिच्यावर धूळ बसली की ठिपका येतो. एका पानावर ‘गाव’चा ‘गांव’ झालेला पाहून मी लेखकाला लिहिणार होते, इतक्यात तोच अनुस्वार पुढच्या पानावर कोऱ्या समासातही दिसला.

कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) वापरायचे. पाठपोट स्कॅनमध्ये मागचं अक्षर पुढे उमटू लागलं, म्हणून ८० वर गेले. पावसाळी दिवसांत उघडा राहिलेला गठ्ठा ओल धरतो, लेझरच्या उष्णतेने असा कागद गुंडाळी होऊन बाहेर पडतो आणि फीडर मग दोन-दोन पानं एकदम ओढतो. उरलेला गठ्ठा मी आता वेष्टणातच, वर रबरबँड लावून ठेवते.

तक्रारी आहेतच. जागं होताना यंत्र जो आवाज करतं, तो रात्री अकराला पलीकडच्या खोलीत जातो. ज्या फायलीत दोन संपादकांचे बदल दोन रंगांत असतात, ते इथे एकाच करड्या रंगात छापले जातात. कोणाची सूचना कोणती ते कळेना, तेव्हा एकेकाचे बदल वेगळे दाखवून दोनदा छापावं लागलं. आणि लेकीचा शाळेचा प्रकल्प. पहिलं पान हातात घेऊन तिने विचारलं, “आई, हे फुलपाखरू करडं का?” रंगीत खडू दिले. खडू संपल्यावरही ती माझ्याशी बोलायला तयार नव्हती.

स्टार्टरनंतर ३,००० पानांचा डबा घातला. ‘टोनर कमी’ असा संदेश येऊन तीन आठवडे झाले. डबा बाहेर काढून आडवा धरला, हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवला आणि परत बसवला. तेव्हापासून पावणेतीनशे पानं निघाली आहेत, शिरोरेषा अजून काळीभोर आहे. नवा डबा कपाटात सीलबंद पडून आहे.