आईच्या फॉर्मवर वाढवलेले चार किलो

आईचं वय 68, उंची 150 सेंटिमीटर, वजन 76 किलो. गुडघ्यांनी तिला जेरीस आणलंय. नाशिकमधल्या एका मोफत शिबिरात तिचं वजन केलं आणि लगेच पांढरा कोट घातलेल्या बाईंनी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं पॅकेज पुढे केलं. "आजी, दुर्बिणीने होतं. मेडिक्लेम आहे ना? मग तुमचा रुपयाही जाणार नाही." सवलत फक्त आजच, म्हणून वीस हजार ॲडव्हान्स घेतला. विम्याच्या कोऱ्या फॉर्मवर सही घेतली. त्या बाई डॉक्टर नव्हत्याच, हे नंतर कळलं.

विमा कंपनीने कॅशलेस नाकारलं. कारण विचारायला गेलो तेव्हा भरलेल्या फॉर्मची प्रत हाती आली. त्यात आईचं वजन 80 किलो, शिवाय तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार! तिची झोपेची तपासणी कधी झालेलीच नाही. कंपनीने तोच रिपोर्ट मागितला होता.

या ऑपरेशनसाठी मेडिक्लेमला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 लागतो, किंवा 35 आणि जोडीला हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया असा गंभीर आजार. गुडघेदुखी त्यात येत नाही. आईचा बीएमआय 33.8. वजन 80 लिहिलं की तो होतो 35.6. हे लक्षात आलं तेव्हा संतापाने हात थरथरले. खोट्या माहितीपायी पॉलिसी रद्द झाली असती तर म्हातारपणी तिला दुसरी कोण देणार होतं?

ऑपरेशन वाईट नाही. दुसऱ्या सर्जननी नीट समजावलं: 2022च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत वयाची वरची मर्यादा नाही, आशियाई लोकांसाठी तर 27.5 बीएमआयपासून विचार होतो. पण स्लीव्ह नावाच्या या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात, आणि या वयात चरबीबरोबर स्नायूही झडतात. त्यांनी आईला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. हृदय, हाडांची घनता, बी-12 तपासायला सांगितलं. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, हेही आधीच सांगितलं. शिबिरात यातलं एक अक्षर कुणी काढलं नव्हतं.

ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणतात. पावतीवर तसं कुठेही छापलेलं नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे कुणाचं ठरत असेल तर कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. उंची, वजन आणि आजारांचे रकाने भरून घ्या, वाचा, फोटो काढा, मगच सही करा.