हॅरिसनच्या नावाखाली मंगलाष्टकं

जुन्या गाण्यांचे वेगळे टेक (एकाच गाण्याची वेगवेगळ्या खेपेची ध्वनिमुद्रणं), दुर्मीळ मिक्स, ॲसिटेट असलं काही जमवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका माणसाने मला २६ हजारांना गंडवलं. तोच माणूस तोच माल अजूनही विकून राहिला आहे, म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

मी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा माणूस. एकच गाणं पाच-सहा रूपांत का लागतं, हे घरच्यांना आजवर पटवता आलेलं नाही, तुम्हालाही पटलंच पाहिजे असं नाही. ‘द इनर लाइट’ घ्या, कारण सगळं रामायण याच गाण्यावर घडलं. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ या सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आशिष खानांचा सरोद, शिवकुमार शर्मांचं संतूर अशी बैठक जमली होती. त्याच मुक्कामात त्याने या गाण्याची वाद्यांची बाजू रेकॉर्ड करून घेतली. गायला मात्र लंडनला परतल्यावर, फेब्रुवारीत. मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते बाजारात आलं. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. ते मोनो. स्टीरिओ मिक्स झालं १९७० मध्ये, पण लोकांच्या हाती पडायला १९८१ उजाडलं. पुढे २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत नुसत्या वाद्यांचा एक वेगळा टेक आला आणि २०१८ मध्ये ‘व्हाइट अल्बम’च्या पन्नाशीच्या पेटीत सहावा टेक. अडीच मिनिटांचं गाणं, पण माझ्या कॉम्प्युटरवर त्याचं स्वतंत्र फोल्डर आहे.

आता मासा कोणता आणि गळ कोणता, ते बघा.

या माणसाशी ओळख झाली ती रीतसर. नागपुरात बर्डीवर जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एकाने नंबर दिला होता. पहिल्यांदा त्याने भारतात छापलेली बीटल्सची एक सिंगल वाजवी भावात दिली. कव्हर जीर्ण होतं, पण रेकॉर्ड खरी होती, वेळेत आली आणि वर ‘काही कमीजास्त असेल तर परत घेईन’ म्हणाला. मराठी स्वच्छ, बोलण्यात नागपुरी वळण. ‘मी मूळचा इकडचाच, आता कलकत्त्यात स्थायिक.’ दुसऱ्या सौद्याचा पाया या पहिल्या सौद्यात रचलेला होता, हे आता दिसतं.

काही आठवड्यांनी फोन आला. ‘दादा, एक वस्तू हाती आली आहे. तुम्हालाच आधी सांगून राहिलो.’ त्याचे सासरे म्हणे एचएमव्हीच्या कलकत्त्यातल्या दमदमच्या कारखान्यात कामाला होते. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा स्टीरिओ मशीन नव्हतं, कंपनीच्या भास्कर मेनन यांनी हॅरिसनसाठी ते थेट कलकत्त्याहून आणवलं होतं. ही गोष्ट खरी आहे, खुद्द हॅरिसनने सांगितलेली आहे. याचे सासरे त्या मशीनसोबत आगगाडीने मुंबईला गेले, तिथे आठवडाभर राहिले आणि परतताना एक सात इंची ॲसिटेट घेऊन आले. ‘इनर लाइट’चा, कधीच बाहेर न आलेला टेक.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ॲसिटेट म्हणजे कारखान्यात छापलेली रेकॉर्ड नव्हे. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर असतो आणि त्यात मशीनवर थेट चर कापलेला असतो. स्टुडिओतलं काम घरी ऐकता यावं म्हणून अशा एक-दोन प्रती काढत. पाच-पंचवीस वेळा वाजवली की आवाज झिजायला लागतो. त्यामुळे खरी प्रत मिळणं मुश्किल आणि मिळाली तर भाव अव्वाच्या सव्वा.

त्याची गोष्ट मी घासूनपुसून पाहिली नाही असं नाही. तारखा विचारल्या, बरोबर सांगितल्या. ‘यात गाणं म्हटलंय का?’ असं मुद्दाम विचारलं. हो म्हणाला असता तर तिथेच पकडला गेला असता, कारण मुंबईत हॅरिसन गायलाच नव्हता. पण पठ्ठ्या म्हणाला, ‘नाही दादा, नुसती वाद्यं. गायला तर तो लंडनला ना.’ असा अभ्यास केलेला ठग तुम्हाला भेटेल तेव्हा त्याच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन काही हाती लागणार नाही. जे आपण पुस्तकांत आणि रेकॉर्डींच्या कव्हरवर वाचलं, ते त्यानेही वाचलेलं असतं. आपल्यापेक्षा जास्त मन लावून वाचलेलं असतं, कारण त्याचं पोट त्यावर आहे.

मग व्हॉट्सॲपवर ४० सेकंदांची क्लिप आली. चरचर, टकटक, आणि त्याखाली तीच धून, पण श्रुतीभर खाली आणि किंचित संथ. असा टेक मी कधी ऐकला नव्हता. किंमत ४० हजार. घासाघीस होऊन ३२ वर आली. २० आधी, ६ ‘विमा आणि खास पॅकिंग’चे, उरलेले माल पाहून. गुगल-पेवर नाव भलत्याच माणसाचं दिसलं. ‘मेव्हण्याचं खातं आहे, माझं केवायसी अडकलंय.’

घाई कशाची, तर उन्हाची. ‘मार्च लागला की नागपुरात पार्सल भाजून निघतं दादा. लॅकर आहे, तडकलं तर मी जबाबदार नाही.’ हेही खरंच. आमच्याकडे एप्रिलमध्ये साधी एलपी गाडीच्या डिकीत राहिली तरी पापडासारखी वाकते. मी म्हटलं, मग कुरियर कशाला? हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नागपूरवरून जातात, तुम्ही मुंबईला जातच असता, प्लॅटफॉर्मवर येतो, हातात पैसे देतो. त्यावर आधी सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, मग विमानाचं तिकीट निघालं.

आणि मुख्य वाक्य, जे त्याने दर फोनला सांगितलं: ‘कोणाला बोलू नका. पुण्याचा एक जण हात धुऊन मागे लागलाय, तो नुसता व्यापारी आहे. तुम्ही ऐकणारे.’

या धंद्याची किल्ली इथेच आहे. आपण संग्राहक लोक एरवी चार मित्रांना विचारल्याशिवाय मोबाइलचं कव्हर घेत नाही, पण दुर्मीळ वस्तूची कुणकुण लागली की तोंडाला कुलूप. दुसऱ्याला कळलं तर भाव वाढेल किंवा वस्तू जाईल. ठगाला हे पक्कं ठाऊक असतं. तो रेकॉर्ड विकतच नाही, गुपित विकतो. ती क्लिप आमच्या ओळखीतल्या दोघांनी जरी ऐकली असती, तरी एकाने दहा मिनिटांत तिचा निकाल लावला असता. पुढे लावलाच.

पार्सल आलं. आत पुठ्ठ्याचे तीन थर, बबल रॅप, कापूस. पॅकिंगचे पैसे तरी वसूल. तबकडीवर पिवळट कागदाचं लेबल, त्यावर टाइपरायटरने ‘बॉम्बे, जाने. ६८’. माझ्याकडची टर्नटेबल बिघडलेली, म्हणून नागपुरातल्याच महाल भागातल्या काकांकडे गेलो. हे काका जुन्या हिंदी-मराठी रेकॉर्डी आयुष्यभर जमवत आलेले, इंग्रजी गाण्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांनी तबकडी लावलीसुद्धा नाही. आधी बोटांच्या कडांवर तोलली, मग खिडकीपाशी नेऊन काठ पाहिला.

‘बाप्पा! हे ॲसिटेट आहे म्हणतोस? पत्रा कुठं आहे?’

खऱ्या ॲसिटेटच्या काठाला किंवा मधल्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियमची चंदेरी रेघ दिसते. वजनही जाणवतं. बऱ्याच तबकड्यांना मधल्या भोकाशेजारी आणखी एखादं भोक असतं, कापताना ती घसरू नये म्हणून. इतक्या जुन्या लॅकरवर पुष्कळदा पांढरट भुकटी सुटलेली असते, तेलाचा अंश बाहेर येऊन. आमच्या तबकडीला यातलं काहीच नव्हतं. काठापर्यंत सगळी एकजात काळी, हलकी, साधी ईपी, म्हणजे कारखान्यात छापलेली छोटी रेकॉर्ड. काकांनी ओल्या कापसाचा बोळा लेबलावर पाच मिनिटं धरला आणि नखाने कड उचलली. खालून लाल लेबल निघालं. मग सुई टेकवली आणि खणखणीत आवाजात मंगलाष्टकं सुरू झाली. काकू आतून अक्षता घेऊन येऊ का म्हणून विचारत्या झाल्या.

क्लिपचं पोस्टमॉर्टेम एका मित्राने केलं. ते नीट वाचा, कारण पुढे तुमच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट टकटकीची. रेकॉर्डवर ओरखडा असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजतो. ४५ च्या वेगाला दर १.३३ सेकंदाला, ३३ च्या वेगाला दर १.८ सेकंदाला. आमच्या क्लिपमध्ये ‘टक, टक-टक, चर्र’ हा ठरलेला नमुना बरोबर पाच सेकंदांनी जसाच्या तसा परत येत होता. हे गणित कुठल्याच वेगात बसत नाही. म्हणजे पाच सेकंदांचा चरचराट कुठून तरी उचलून गाण्यावर पुन्हा पुन्हा चिकटवलेला.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. मित्राने २०१४ च्या सीडीवरचा टेक घेतला, क्लिपचा वेग सुमारे दोन टक्क्यांनी वाढवला, दोन्ही मोनो केल्या आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावल्या. मग एकीवर ‘इन्व्हर्ट’ दाबलं. म्हणजे ध्वनिलहर उलटी होते, वरचं खाली आणि खालचं वर. दोन फाइलींत एकच वादन असेल तर ते एकमेकांना खोडून काढतं. दोन वेगळे टेक कधीच खोडले जात नाहीत, कारण कोणताही वादक तोच तुकडा केसाच्या अंतराने तसाच वाजवू शकत नाही. व्हॉट्सॲपने आवाज दाबलेला असल्यामुळे पूर्ण शांतता झाली नाही. पण प्ले केल्यावर हार्मोनियम विझत गेलं, बासरी विझत गेली आणि मागे उरला फक्त तो चिकटवलेला चरचराट. कधीच बाहेर न आलेला टेक सात-आठशे रुपयांच्या सीडीवर मिळत होता, आणि तो माझ्या कपाटातही होता.

हाच माणूस ‘मास्टर टेपवरून काढलेल्या’ फाइलींचा पेन ड्राइव्हही विकतो असं नंतर कळलं. तिथे स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कमी-जास्त कंपनसंख्यांचा आलेख बघा. १२८ केबीपीएसच्या (दाबून लहान केलेल्या) एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो, सुरीने कापावा तसा सरळ. ती फाइल नंतर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवणाऱ्या प्रकारात) टाकली, २४ बिट लिहिलं, आकार दहापट केला, तरी गेलेला भाग परत येत नाही.

हॅरिसनच्या खरोखरच्या दुर्मीळ वस्तू आहेत, नाहीत असं नाही. १९८० मध्ये त्याच्या ‘समव्हेअर इन इंग्लंड’ या अल्बममधून रेकॉर्ड कंपनीने चार गाणी काढायला लावली. त्यातली तीन १९८८ मध्ये एका महागड्या पुस्तकासोबतच्या डिस्कवर आली, आणि त्या पुस्तकाच्या प्रती फक्त २,५०० होत्या. चौथं १९९२ च्या दुसऱ्या खंडात आलं. अशा वस्तूंचा माग काढता येतो, त्यांच्या प्रतींना क्रमांक असतात. ‘सासऱ्यांनी ट्रंकेत ठेवलं होतं’ याचा माग काढता येत नाही.

म्हणून इतिहास विचारू नका, वस्तू दाखवायला लावा. आजच्या पेपरवर तबकडी ठेवून काठाचा जवळून व्हिडिओ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. सुई टेकवण्यापासून पहिल्या मिनिटापर्यंत न कापलेला व्हिडिओ, हात आणि तबकडी दोन्ही दिसतील असा. माझ्या माणसाकडे मी काठाचा फोटो मागितला होता, तेव्हा त्याने लेबलाचेच आणखी चार फोटो पाठवले. आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर मेव्हण्याला फोनवर बोलवा.

पैशांचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक), चॅट, क्लिप, पार्सलवरची पावती सगळं जोडलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणुकीचं. मेव्हण्याच्या खात्यातले सहा हजार गोठवले गेले आहेत, बाकीचे आधीच पुढे सरकले होते. हा फोन पहिल्या तासाभरात झाला तर जास्त पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. मात्र माझ्यासारखं पार्सल येईपर्यंत कोणाला शंका आलेली नसते, ही यातली गोम आहे. चॅट डिलीट करू नका आणि त्याला शिव्या घालून सावधही करू नका.

गेल्या आठवड्यात अमरावतीच्या एका ओळखीच्या मुलाला तीच क्लिप आली. सासरे या वेळी रेल्वेत होते, मशीन तेच. भाव ४५ हजार. क्लिप सुरू होताच टक, टक-टक, चर्र, आणि बासरी शिरते तेव्हा पुन्हा तेच, दर पाच सेकंदांनी. मुलाने पैसे पाठवले नाहीत, त्याने ती क्लिप आम्हाला पाठवली आणि आम्ही ती तक्रारीला जोडली.