जुन्या गाडीचं टायमिंग: बल्ब लावून की टायमिंग लाइटने?

टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी ते. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक प्लगला पाळीने वाटणारा भाग) काढून परत बसवला असेल, तर आधी बल्बच. पण पुलीची खूण जुळली म्हणजे झालं, असं समजू नका. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. दाब बोटाला ढकलतो, तोच कॉम्प्रेशनचा फेरा. त्याच फेऱ्यात पुलीची खूण जुळवा. तेव्हा रोटरचं (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं) तोंड एक नंबरच्या वायरकडे पाहिजे, पुढे ठिणगीचा क्रम 1-3-4-2.

आता 12 व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर, दुसरी बॉडीला. चावी ऑन करा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग हळूहळू उलट आणा. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला स्विच) उघडतो त्याच क्षणी बल्ब पेटतो. तिथेच बोल्ट आवळा. इंजिन चालू असायची गरज नाही, म्हणून बंद पडलेल्या गाडीला हाच उपाय.

टायमिंग लाइट, म्हणजे एक नंबरच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लागतो तो त्यानंतर. पुलीच्या खुणेला पांढरा रंग लावा, व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलवर खूण बघा, मग रेस द्या. खूण सरकत गेली पाहिजे. अडकली तर वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं जाम झालीत. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ही शंका आधी घ्यावी. बल्बला हा दोष दिसतच नाही. चोर्ला घाट चढताना इंजिन नॉक करत (आतून ठकठक वाजत) असेल, तर मी लाइटच मागवीन.