नकली कटर मशीन: ब्रेक लागत नव्हता, तरी मी 41,000 मोजले

16 मे 2025 ला 5,000 फोनवरून, दुसऱ्या दिवशी शनिवारी 20,000 फोनवरून आणि 16,000 रोख. एकूण 41,000 रुपये. त्या बदल्यात दोन कटर मशिनी, म्हणजे झाडं कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या चेनच्या करवती, दोन्ही नकली. हे लिहायला इतके महिने गेले, कारण लाज वाटत होती. चौदा वर्षं मी झाडं तोडायची आणि फांद्या छाटायची कामं करतो. गोव्यात डिचोलीपासून पेडण्यापर्यंत लोक मला बोलावतात. अशा माणसाने नकली मशीन घेतली म्हटल्यावर चारचौघांत मान खालीच जाते. पण गेल्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका पाडेल्याला, म्हणजे माडावरून नारळ पाडणाऱ्याला, तशीच मशीन, तशाच बोलण्याने विकलेली पाहिली, म्हणून लिहितोय.

आधी माझी बाजू ऐका. माझ्या जुन्या मशीनचा पिस्टन 12 मेला जॅम झाला. घेतलेली सात कामं हातात होती. कुणाच्या कौलांवर फणस झुकलेला, कुणाच्या विजेच्या तारांना आंब्याची फांदी टेकलेली. 2021 च्या तौक्ते वादळापासून इथे मे महिना लागला की लोक थांबत नाहीत, पावसाआधी झाड मोकळं करून द्या म्हणून मागे लागतात. आणि 2025 ला पाऊस थांबलाच नाही. 24 मेला मान्सून केरळात आला, आठवडाभर आधी, आणि आमच्याकडे त्याच्याही आधीपासून कोसळत होता. म्हापशातल्या दुकानात स्टिल कंपनीच्या 250 मॉडेलच्या एका मशीनला 39,800 सांगितले. दोन मशिनी घेतल्या की भाचा आणि मी दोन ठिकाणी काम करू, पावसाच्या आत सगळं उरकेल, असा माझा हिशोब होता.

तेव्हाच तो भेटला. पांढरी पिकअप, चाळिशीचा माणूस, बोलणं सावंतवाडीकडचं, अगदी आपल्यातलं. मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामातल्या ठेकेदाराचा माल उरलाय, त्याला गावी परत न्यायचा नाही, दोन मशिनी 41,000, खोकी फोडलेली नाहीत, बिल देतो. हा प्रकार कसा चालतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. जनरेटर, ड्रिल, स्पीकर असेच विकतात. पण मोपाच्या बाजूला एवढी झाडं गेली, एवढी यंत्रं आली, तिथला माल उरला असेल हे कुणालाही पटलं असतं. मला पटलं.

आता तो क्षण. शनिवारी सकाळी महामार्गाच्या कडेला एका बंद गॅरेजसमोर त्याने खोकं उघडलं. मशीन नारिंगी-पांढरी, बारवर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर, कव्हर, पिशवीत स्पॅनर, सगळं जागच्या जागी. भाच्याने सवयीने हँडलच्या पुढचा गार्ड पुढे ढकलला. आमच्या कामातला माणूस मशीन हातात घेतली की पहिलं हेच करतो. खऱ्या मशीनचा ब्रेक लागताना खट् असा आवाज येतो, मग चेन हाताने ओढली तरी हलत नाही. इथे आवाज आला नाही. गार्ड नुसता पुढे झुकला, सैल दात हलावा तसा. भाच्याने हातमोज्याने चेन ओढली, ती सरसर फिरली. तो म्हणाला, "मामा, ब्रेक धरत नाही."

तो माणूस लगेच म्हणाला, "नवीन आहे दादा, दोन टाक्या पेट्रोल जळलं की ब्रेक बसतो."

ब्रेक असा बसत नसतो. क्लचच्या ड्रमभोवती पोलादी पट्टी असते, ती आवळली की चेन थांबते. ती पहिल्या दिवसापासून आवळली पाहिजे. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी भाच्याला म्हणालो, "गप रे, त्यांना सांगू दे." बावीस वर्षांच्या पोराने बरोबर दाखवलं आणि मी त्याला परक्या माणसासमोर गप्प केलं. पैशांपेक्षा हे जास्त लागतं. मध्यरात्री जाग आली की तो सैल गार्ड डोळ्यांसमोर येतो.

खरं म्हणजे दुसरी खूणही त्याने स्वतःच दिली होती. बोलता बोलता म्हणाला, तोडायची परवानगी लागली तर 3,000 मध्ये कागद करून देतो. गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी वृक्ष अधिकारी देतो, वनखात्यातून, अर्ज करून आणि जागा पाहून. जो माणूस सरकारी कागद पिकअपमधून विकतो त्याच्या मशिनीचं बिल काय असणार! हे मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. घाई होती, आणि 16,000 खिशात होते, त्यात बायकोच्या भिशीचे 15,000.

तीन दिवस मशीन बरी चालली. पेट्रोल-तेलाचं मिक्स मी स्वतः मोजून करत होतो, लिटर पेट्रोलला 20 मिली कंपनीचं तेल, त्यामुळे ‘तुम्हीच चुकीचं पेट्रोल घातलं’ असं मला कुणी म्हणू नये. चौथ्या दिवशी भाचा फणसाची फांदी उतरवत होता. बारचं टोक मागच्या डहाळीला लागलं आणि मशीन उलटी उसळली. अशा वेळी झटक्याने ब्रेक आपोआप लागायला हवा. लागला नाही. चालती चेन त्याच्या गुडघ्यावर घासून गेली. जाड पँट होती म्हणून चार टाक्यांवर निभावलं. दवाखान्याचे 2,300. बहिणीसमोर मी काय बोललो असेन ते तुम्ही समजून घ्या.

मेकॅनिकने कव्हर काढलं, 1,850 घेतले आणि पाच मिनिटांत सांगितलं की ही स्टिल नाहीच. खऱ्या मशीनच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खोळीवर, नंबर ठोकलेला असतो, धातूत. माझ्या मशीनला फक्त स्टिकर, आणि दोन्ही मशिनींवर एकच नंबर. चेनच्या कड्यांवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, इथे कडी कोरी. ऑइलचा पंप अर्धवट चालणारा, म्हणून बार तापून निळा पडत होता. हे तपासायला दुकानच लागतं असं नाही. मशीन रेस करून बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. दुसरी मशीन नवव्या दिवशी जॅम झाली. मग भाड्याने मशीन घेतली, 700 रुपये रोज, अकरा दिवस, 7,700. सगळं मिळून 52,850. हातची दोन कामं गेली ती वेगळीच.

बिलाकडे पाहायचं तर तेव्हाच पाहायला हवं होतं. वर पत्ता गोव्याचा, आणि जीएसटी नंबर 09 ने सुरू होणारा. गोव्याचा 30 असतो, महाराष्ट्राचा 27, कर्नाटकचा 29. 09 उत्तर प्रदेशाचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर सिमेंट विकणाऱ्या भलत्याच माणसाचं नाव आलं. पैसे देण्याआधी हे तपासायला दोन मिनिटं लागतात, मी ती सहा दिवसांनी काढली.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात दीड तास बसवून विचारलं, माल मिळाला ना? मिळाला. मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण, वकील करा. मी म्हटलं, नकली माल असली म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेत 318 कलम आहे. तर म्हणे पैसे जिथे दिले ती जागा आमच्या हद्दीत येत नाही, पुढच्या ठाण्यात जा. पुढच्या ठाण्यात म्हणे तुम्ही राहता तिथेच तक्रार द्यायची. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात, हद्द न पाहता, गुन्ह्याची माहिती घेतली पाहिजे हे लिहिलेलं आहे. मी ते फोनवर काढून दाखवलं. साहेबांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि समोरच्या माणसाला चहा सांगितला. मी चार खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला अर्धा दिवसाचा रोज बुडाला, पेट्रोल गेलं, आणि भर पावसात ओल्या कपड्यांनी बाकावर बसलो. शेवटी एका कागदावर ‘पोच’ असा शिक्का मिळाला. गुन्हा नोंद नाही, नंबर नाही. पिकअपच्या नंबरप्लेटचा फोटो माझ्याकडे आहे, तो कुणी मागितलासुद्धा नाही. महामार्गावर एवढे कॅमेरे आहेत, कुणी बघितले नाहीत.

बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलात’. ते खरं आहे. पण 25,000 कुणाच्या खात्यात गेले, ते खातं अजून चालू आहे का, एवढं तरी सांगाल की नाही? नाही, ते गोपनीय. माझे पैसे घेणाऱ्याची गोपनीयता जपायची आणि मी फॉर्म भरत बसायचं. 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी दहा दिवसांनी फोन केला, तोवर फार उशीर झालेला. पैसे गेले हे कळलं त्या तासाला करायचा असतो तो फोन. लाज बाजूला ठेवा आणि आधी 1930 फिरवा, मग घरी सांगा. मी घरच्यांपासून आठ दिवस लपवलं, तेच नडलं.

आणखी एक. रस्त्यावर मशीन घेत असाल तर स्वतःच्या मेकॅनिकला बरोबर न्या. विकणारा त्याला नकार देतो की नाही ते बघा. तिथेच चेन बसवून लाकडावर चालवायला लावा. रोख आणि फोन असे पैशांचे तुकडे मागत असेल तर उठून या. आणि बरोबरचं पोर काही बोललं तर ऐका.

त्या दोन मशिनी दोघांनी मागितल्या, एकाने 6,000 देऊ केले. विकल्या नाहीत. पेट्रोलच्या नळ्या कापून टाकल्या आणि मांगरात, शेतातल्या खोपीत, गोणपाटात बांधून ठेवल्या आहेत, शिक्क्याचा कागद आणि पिकअपचा फोटो त्याच गोणपाटात. भाच्याला जूनमध्ये म्हापशाच्या दुकानातून एक मशीन घेऊन दिली, पतसंस्थेच्या कर्जावर. महिन्याला 2,150 हप्ता, अजून सात राहिलेत.