निळा टँटलम की तरंगतं बॅलन्स व्हील?

एफ. पी. जर्न या स्विस कंपनीचं ‘क्रोनोमेत्र ब्ल्यू’ हे मनगटी घड्याळ ३९ मिमीचं, पण हातात घेताच वजन जाणवतं. केस म्हणजे बाहेरचं कवच टँटलम धातूचं, आणि त्याची घनता स्टीलच्या दुपटीहून जास्त! केसवरचा ओरखडा घालवणं मात्र किचकट. हा धातू पॉलिशला सहज दाद देत नाही. आरशासारखी निळी डायल तिरप्या उजेडात जवळजवळ काळी दिसते. आतलं यंत्र १८ कॅरेट गुलाबी सोन्याचं. घड्याळ चालवणाऱ्या दोन मुख्य स्प्रिंगा (मेनस्प्रिंग) समांतर चालतात, त्यामुळे जोर एकसारखा मिळतो. पूर्ण चावी दिली की घड्याळ सुमारे ५६ तास चालतं, तरी रोज ठरावीक वेळी चावी द्यावी. स्प्रिंग उतरत आली की वेळ ढळते.

दुसरं घड्याळ, एमबी अँड एफ कंपनीचं २०११ चं ‘लेगसी मशीन वन’, ४४ मिमीचं. डायलवर अधांतरी डुलणारं, वेळेची लय राखणारं १४ मिमीचं चाक म्हणजे बॅलन्स व्हील, तासाला १८,००० ठोके, नजर हटत नाही. दोन ठिकाणच्या वेळा दाखवणाऱ्या दोन छोट्या डायल आहेत, दोन्हींची मिनिटंही स्वतंत्र लावता येतात, म्हणून अर्ध्या तासाच्या फरकाचे देशही जमतात. सेकंदकाटा नाही. उंच घुमटाकार काच बाहीत अडकते, आपटायची भीती राहते.

रोज घालायला जर्नच.