ई चिंग: तीन रेघा एकदम बदलल्या, तर कौल कुठला धरायचा?

ई चिंग या प्राचीन चिनी ग्रंथावरून कौल घेताना तीन नाणी सहा वेळा टाकायची आणि खालून वर सहा रेघांची आकृती मांडत जायची, इथवर सगळं सोपं असतं. छाप्याला ३ आणि काट्याला २ धरले, की ६ किंवा ९ बेरजेची रेघ बदलती. ती उलटली, म्हणजे अखंडची तुटक किंवा तुटकची अखंड झाली, की पहिल्या आकृतीतून दुसरी निघते. ग्रंथात प्रत्येक आकृतीला एक मुख्य वचन असतं आणि प्रत्येक रेघेला स्वतःचं. एकच रेघ बदलली तर वाद नाही, तिचं वचन वाचायचं. ‘त्सो-च्वान’ या जुन्या चिनी इतिवृत्तात इ.स.पू. ६७२च्या नोंदीत एका राजपुत्राचा कौल असाच एका रेघेवर लावलाय: राज्याचं तेज पाहावं, राजाचा पाहुणा होणं हिताचं.

अडचण पुढे येते. समजा ‘छ्येन’ ही आकृती आली, सहाही रेघा अखंड, आणि बदलल्या पहिली, पाचवी, सहावी. पहिली सांगते, ड्रॅगन दडलेला आहे, हालचाल नको. पाचवीत तो आकाशात उडतोय. सहावीत गर्वाने चढलेल्या ड्रॅगनला पश्चात्ताप.

सगळ्या रेघा वाचणारे याला कथा मानतात: सुरुवात, भरभराट, उतार. मन लावून वाचलं तर यात खोली आहे. पण नोकरी सोडू का, असं विचारणाऱ्याला ‘थांब’ आणि ‘झेप घे’ ही दोन्ही उत्तरं एकदम मिळतात, आणि मग माणूस आपल्याला हवं तेच उचलतो. मला हा धोका फार मोठा वाटतो.

चू शी या चिनी तत्त्वज्ञाने ११८६ सालच्या ग्रंथात नियम घालून दिले. दोन बदलल्या तर दोन्ही वाचा, भर वरच्या रेघेवर. तीन बदलल्या तर रेघा सोडा, दोन्ही आकृत्यांची मुख्य वचनं वाचा. आपल्या उदाहरणात दुसरी आकृती ‘हंग’, म्हणजे टिकून राहणं. उत्तर एकदम स्थिर होतं.

शाओ युंग या आणखी एका चिनी तत्त्वज्ञाच्या नावावर चालणाऱ्या ‘आलुबुखार-फुलां’च्या पद्धतीत हा प्रश्नच नाही. तारीख-वेळेच्या बेरजेला ६ने भागून उरलेल्या बाकीवरून एकच बदलती रेघ ठरते. मात्र तिथे वचनांपेक्षा चिनी पंचतत्त्वांचा (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) हिशेब चालतो, तो आधी शिकावा लागतो.

नवशिक्याने चू शीच धरावा. नाण्यांनी तीन किंवा जास्त रेघा साधारण सहातून एकदाच बदलतात, म्हणजे नियम पाठ करायचं ओझंही नाही. फक्त चार रेघा बदलल्या, तर दुसऱ्या आकृतीतल्या न बदललेल्या दोन रेघा वाचायच्या, या नियमाला जुन्या ग्रंथांत आधार नाही, अनुमानाने सांगतोय, असं त्याने स्वतःच नोंदवलंय. तिथे मी दुसऱ्या आकृतीच्या मुख्य वचनावरच थांबते.