टीमची मूल्ये ठरवून देणारी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा: घ्यावी का?

कोथरूडमधलं डिझाइन ऑफिस असो की भोसरीतलं बारा माणसांचं वर्कशॉप, बाहेरचा प्रशिक्षक बोलावून चार तासांत 'आपली मूल्ये' ठरवून घेता येतात. घ्यावी, पण दोन अटी घालून.

पहिला तास सगळ्यात मोलाचा. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या देतात आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नसतं. कामात अभिमान वाटला असे दोन प्रसंग आणि मान खाली गेली असा एक, एवढंच लिहायचं. थेट मूल्यं विचारली की सगळे प्रामाणिकपणा, दर्जा, एकजूट लिहून मोकळे होतात. त्यावर कुणाचं दुमत नसतं, म्हणून पुढे काही घडतही नाही. प्रसंग लिहिले की खरी ओढाताण वर येते: माल वेळेवर पाठवायचा की तपासणी पूर्ण करूनच? मालकांची चिठ्ठी शेवटी वाचली गेली पाहिजे. ती आधी आली की बाकीचे आपलं बोलणं तिकडेच वळवतात. प्रशिक्षक एवढंही पाळत नसेल तर पैसे वाया.

मग तीनच मूल्यं निवडून प्रत्येक मूल्य पाळायचं म्हणजे कसं वागायचं ते लिहायचं. भिंतीवर 'पारदर्शकता' लिहून कुणाला काही कळत नाही. "काम लांबणार हे कळलं की त्याच दिवशी चारच्या आत ग्राहकाला फोन" हे मात्र पाळलं की नाही ते दिसतं. या भागाला दीड तास हवा. बहुतेक वेळा पाऊणच मिळतो, कारण शेवटचा तास कागदी मनोरे बांधण्याच्या खेळात जातो. तो खेळ सरळ काढायला सांगा. त्या वेळात टीमचे जुने नियम नव्या वाक्यांशी ताडून पाहा. 'चूक लगेच सांगा' म्हणायचं आणि बिघडलेल्या जॉबचे पैसे पगारातून कापायचे, असं असेल तर चूक लपणारच.

एक गोष्ट या कार्यशाळेत सहसा येत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. 'आदर' हे मूल्य लिहिल्यानं हे काम होत नाही.

आता अटी. पहिली, कार्यशाळा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नको. भोसरीत गुरुवारी मशीन बंद असतात म्हणून तोच दिवस सोयीचा वाटतो, पण माणसांची सुट्टी घेऊन त्यांना आदर शिकवता येत नाही. बुधवारी दुपारनंतर ठेवा. दुसरी, सहा आठवड्यांनी प्रशिक्षकाची तासाभराची दुसरी फेरी त्याच फीमध्ये ठरवून घ्या. मधल्या काळात दर आठवड्याला पंधरा मिनिटं बसून कुठलं वाक्य मोडलं ते बोलायचं, आणि सुरुवात मालकांनी स्वतःपासून करायची.